जुनी अक्षरे, नवे बोल
मुलांच्या इंग्रजी लेखनाकडे शिक्षकाने कसे पाहावे

(घाटकोपर येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घाटकोपर स्थानकाच्या पश्चिमेस उतरून लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या दिशेने शाळेला जाणारे मूल वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीच इंग्रजीचा एक पाठ वाचून आलेले असते. वाटेवर मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतील पाट्या असतात. आईस्क्रीमवरचा 'क्वालिटी' हा शब्द 'क्यू-यू'ने नव्हे, तर 'के-डब्ल्यू'ने सुरू होतो. बिस्किटाच्या पुड्यावरील 'क्रॅकजॅक'चा आरंभ 'सी'ऐवजी 'के'ने होतो. एखाद्या कपड्यांच्या दुकानावर 'किड्स' या शब्दाच्या शेवटी 'एस' नसून 'झेड' असतो. मोठ्या भावाच्या मोबाईलवर 'यू' हे एकच अक्षर 'तू' या अर्थाने येते, आणि 'ग्रेट' हा शब्द 'जी-आर' या दोन अक्षरांपुढे आठाचा आकडा मांडला की पुरा होतो. हे सारे डोळ्यांत साठवून मूल वर्गात येते आणि वहीत तसेच लिहिते. तेथे मात्र त्या शब्दावर लाल शाईची फुली पडते.

फुली पडली एवढे मुलाला समजते; ती का पडली हे समजत नाही. जे भररस्त्यात मोठ्या अक्षरांत छापलेले आहे, ते वहीत आल्याबरोबर चूक कसे ठरते, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्यामुळे ज्या घरात पूर्वी कोणी इंग्रजीचे अक्षर गिरवले नव्हते, त्या घरातील मूलही आज सहाव्या वर्षी या प्रश्नापुढे उभे राहते. असल्फ्याच्या टेकडीवरील वस्तीतले मूल असो, की जिल्ह्याच्या टोकावरील वाडीतले असो; त्याला घरी विचारावयास कोणी नसते. उत्तर द्यावयाचे ते शिक्षकानेच. आणि ते उत्तर 'असेच असते' एवढे त्रोटक असून चालणार नाही.

याकरिता प्रथम इंग्रजी स्पेलिंगचा पूर्वेतिहास थोडासा ध्यानी घेतला पाहिजे. ज्याला आज शुद्ध म्हणतात ते सारेच मुळात शुद्ध होते, असे मुळीच नाही. कर्ज या अर्थाचा 'डेट' हा शब्द घ्या. त्यात 'बी' हे अक्षर लिहावे लागते, पण उच्चारात त्याचा मागमूस नाही. मध्ययुगात इंग्रज लोक हा शब्द 'बी'शिवायच लिहीत. पुढे विद्वानांना त्याचे लॅटिन मूळ आठवले व त्यांनी त्या मुळातील 'बी' मध्ये आणून बसवला. बेट या अर्थाच्या 'आयलंड' शब्दातील 'एस'ची कथा याहून नवलाची आहे. या शब्दाचा लॅटिनशी काही संबंध नव्हता. परंतु त्याच अर्थाच्या दुसऱ्या एका लॅटिनोद्भव शब्दाशी त्याचे नाते आहे अशी समजूत झाली, आणि त्या गैरसमजापोटी 'एस' आत शिरला तो कायमचा. 'कुड' या क्रियापदातील 'एल' तर केवळ 'वुड' आणि 'शुड' या शेजाऱ्यांच्या संगतीने आला. म्हणजे आजचे मूल 'आयलंड' लिहिताना 'एस' गाळते, किंवा 'कुड' लिहिताना 'एल' विसरते, तेव्हा ते नकळत जुने आणि खरे रूपच लिहीत असते. चूक पूर्वी विद्वानांनी केली. फुली मात्र मुलाच्या वहीत पडते.

हे असे का झाले, याचेही कारण आहे. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला. तोवर इंग्रजी लेखन हाताने होत असे, आणि ज्या परगण्याचा लेखनिक त्या परगण्याचे स्पेलिंग अशी रीत होती. 'थ्रू' हा एकच शब्द जुन्या हस्तलिखितांत कितीतरी निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. मराठीत दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. तेथे बारा कोसांवर अक्षरेही बदलत. कॅक्स्टनने आपली उमेदीची वर्षे आजच्या बेल्जियममधील ब्रुज या नगरात घालवली होती. तेथील भाषेच्या वळणाने त्याच्या छापखान्यात 'घोस्ट' या शब्दात 'एच' हे अक्षर शिरले आणि पुढे ते तेथेच राहिले. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू गोठत गेले, पण त्याच काळात उच्चार मात्र झपाट्याने बदलत होते. 'नाईट' या शब्दातील 'जी-एच' पूर्वी घशातून उच्चारले जात असे. तो उच्चार लोपला, अक्षरे उरली. नदीने पात्र बदलावे आणि घाट कोरडा पडावा, तसे हे झाले.

आता आजच्या तरुणांच्या बोलीकडे वळू या. त्यांच्या लिखाणात 'बॉय' हा शब्द शेवटी 'वाय'ऐवजी 'आय' घालून लिहिलेला आढळतो. २००२ साली कॅनडातील अॅव्हरिल लव्हीन या गायिकेच्या गाजलेल्या गीताच्या नावातच तो तसा होता, व त्यापुढे तो जगभर पसरला. वडीलधाऱ्यांना हे नवे थेर वाटते. परंतु मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द 'बी-ओ-आय' असाही लिहिला जात असे. मित्र या अर्थाच्या 'फ्रेंड' शब्दातील 'आय' मुले बहुधा गाळतात. मध्ययुगीन लेखनातही तो पुष्कळदा नसे. 'आस्क' या क्रियापदातील शेवटच्या दोन वर्णांची अदलाबदल करून त्याचा 'आक्स' असा उच्चार आणि तसेच लेखन आज काही समाजांतील तरुण करतात, व त्याबद्दल त्यांना अडाणी समजले जाते. पण इंग्रजीच्या अगदी प्राचीन काळापासून ही दोन्ही रूपे शेजारीशेजारी नांदत आलेली आहेत, आणि १४०० साली निवर्तलेला महाकवी जेफ्री चॉसर हा दुसऱ्या रूपाचाही वापर करी. मराठीत 'नुकसान' या शब्दाचे 'नुसकान' होते, तोच हा प्रकार. 'नुसकान झालं' म्हणणारा शेतकरी आपले दुःख काही कमी अचूकपणे सांगत नाही.

'किड्स' किंवा 'बॉईज' यांच्या शेवटी 'झेड' लिहिणाऱ्या मुलाचा कान तर अधिकच तिखट म्हटला पाहिजे. या अनेकवचनांच्या शेवटी लिहिला जाणारा 'एस' उच्चारात 'झेड'सारखाच घोष असतो. मुलाने ऐकले तसे लिहिले. ज्या भाषेत 'क' लिहिला की 'क' च वाचावयाचा, त्या भाषेच्या संस्कारात वाढलेले मूल याहून वेगळे काय करणार?

चुकीच्या स्पेलिंगचे भाग्य किती फळफळू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 'ओके'. हा शब्द आज गावोगावी चालतो. मालमोटारींच्या पाठीवर तो वर्षानुवर्षे मिरवला, आणि शिक्षकही गृहपाठाखाली तो लिहितात. १८३९ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात वृत्तपत्रांतून एक विनोदी टूम निघाली होती. शब्दांची स्पेलिंगे मुद्दाम चुकवावयाची आणि त्या चुकीच्या स्पेलिंगांची आद्याक्षरे घ्यावयाची, अशी ती टूम. 'सर्व बरोबर' या अर्थाचे 'ऑल करेक्ट' हे दोन शब्द अनुक्रमे 'ओ' आणि 'के' यांनी सुरू होतात असे थट्टेने मानले गेले व त्यांतून 'ओके' जन्मला. 'सर्व बरोबर' असे सांगणारा हा शब्द स्वतःच दोन चुकांची बेरीज आहे, ही गोष्ट मोठ्या मौजेची आणि तितकीच बोधप्रद आहे.

मग स्पेलिंग सुधारण्याचा प्रयत्न कोणी केलाच नाही काय? केला, पण यश थोडेच आले. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन याच्या १७५५ च्या कोशात संगीतवाचक 'म्युझिक' शब्दाच्या शेवटी 'के' होता. अमेरिकेचा कोशकार नोहा वेब्स्टर याने असे कितीतरी शब्द छाटले. त्याचे 'कलर' आणि 'सेंटर' अमेरिकेने स्वीकारले. पण त्यानेच सुचवलेली 'विमेन' आणि 'टंग' यांची उच्चारानुसारी रूपे कोणी घेतली नाहीत. १९०६ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्यास तीनशे शब्द सोप्या स्पेलिंगने छापण्याचा हुकूम दिला. त्यांत 'थ्रू' हा शब्द 'टी-एच-आर-यू' एवढ्या चारच अक्षरांचा होता. त्यावर टीकेची आणि थट्टेची झोड उठली, प्रतिनिधिगृहाने विरोध केला, आणि त्याच वर्षी तो हुकूम मागे घ्यावा लागला. अध्यक्षाला जे साधले नाही ते आज मोबाईलवर बोटे चालवणारी पोरे सहज करीत आहेत. परंतु परीक्षेच्या कागदावर ते अजूनही चूकच आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. शुद्धता हा शब्दाचा जन्मजात गुण नव्हे. तो लोकांनी मिळून केलेला संकेत आहे, आणि त्या संकेताला काळाची व स्थळाची मर्यादा असते.

हे समजण्यासाठी मराठी शिक्षकाला विलायतेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. घरचेच उदाहरण पुरेसे आहे. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. त्या लिपीत शतकानुशतके राज्यकारभार चालला, सावकारी चालली, आणि अर्थाचा अनर्थ झाला नाही. बालबोध छपाईत पुढे 'नांव', 'पांच', 'कांहीं', 'नाहीं' असे अनुस्वार देण्याची शिस्त होती, आणि ते न देणारा विद्यार्थी मार खात असे. मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे चौदा नियम केले व १९६२ साली शासनाने ते मान्य केले. १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. या नियमांनी उच्चारात नसलेले ते अनुस्वार काढून टाकले. काल जो अनुस्वार दिला नाही म्हणून छडी बसत होती, तोच अनुस्वार दिला म्हणून आज गुण कापले जातात. आजोबांच्या जुन्या पत्रात 'कांहीं' पाहून नातू तसेच लिहितो, तेव्हा तो अशुद्ध लिहीत नाही; साठ वर्षांपूर्वीचे शुद्ध लिहितो. त्याला नियम सांगावा, पण आजोबा अडाणी होते असे त्याच्या मनात भरवू नये.

स्थलनामांतही हेच आढळते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी याच परिसरातून गेली. त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत ठाणे आणि कुर्ला यांची स्पेलिंगे आजच्याहून निराळी आहेत. कुर्ला तेव्हा 'सी' आणि दोन 'ओ' यांनी लिहीत. शीव हे गाव आजही इंग्रजी तोंडी 'सायन' आहे. लिहिणाऱ्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले. त्या साहेबाच्या वहीत कोणी फुली मारली नाही, एवढाच काय तो फरक.

तरुणांच्या या लेखनामागे केवळ आळस आहे, असेही समजू नये. तारेचे पैसे शब्दांच्या संख्येवर आकारले जात, म्हणून तारेची भाषा तुटक झाली. भारतातील ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद पडली. तिची जागा घेणाऱ्या मोबाईलच्या लघुसंदेशात रोमन लिपीची १६० अक्षरे मावत, परंतु देवनागरीची अवघी ७० चिन्हे. प्रारंभीच्या कित्येक यंत्रांत देवनागरीची सोयच नव्हती. यास्तव तरुणांनी मराठीही रोमन अक्षरांत लिहावयास आरंभ केला, आणि जेथे अक्षर वाचवता येईल तेथे ते वाचवले. पुढे ती अडचण दूर झाली, पण सवय राहिली.

दुसरे कारण आपलेपणाचे आहे. आपल्या मंडळीत बोलण्याची एक खास तऱ्हा असावी, ही तारुण्याची जुनीच हौस. घाटकोपरपासून दोनच स्थानके पलीकडे असलेल्या कुर्ल्याच्या आणि तिकडे अंधेरीच्या वस्त्यांतून तरुणांनी गल्लीची भाषा गाण्यात आणली, आणि २०१९ साली 'गली बॉय' या चित्रपटाने तिला देशभर नेले. त्या नावातील 'गली' इंग्रजीत 'जी-यू-एल-एल-वाय' अशी लिहिली जाते. कोशात या अक्षरांचा अर्थ पावसाच्या पाण्याने कोरलेली घळ असा आहे. मुंबईकराने त्यांत आपली गल्ली वसवली. असे लेखन म्हणजे अज्ञान नव्हे; ती खूण आहे.

मग मुलांनी वाटेल तसे लिहावे काय? नाही. येथेच शिक्षकाचे कार्य सुरू होते. खेळाचे लेखन आणि कामाचे लेखन यांतील भेद ज्याला कळत नाही, त्याचे नुकसान होते, आणि ते गरिबाच्या मुलाचेच अधिक होते. सुशिक्षित घरातील मूल मित्राला चार अक्षरी 'थ्रू' लिहील आणि अर्जात सात अक्षरी लिहील. हा विवेक त्याला घरातच मिळालेला असतो. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला तो शाळेत मिळाला नाही तर कोठेच मिळत नाही. नोकरीच्या अर्जावर नजर टाकणारा अधिकारी चॉसर काय लिहीत असे याचा विचार करीत नाही. तो अर्ज बाजूला सारतो.

याचा सर्वांत गंभीर दाखला म्हणजे मुलाचे स्वतःचे नाव. विल्यम शेक्सपिअरच्या ज्या सहा सह्या सर्वमान्य आहेत, त्यांत नावाची अक्षरे निरनिराळी आहेत, आणि आजचे रूढ स्पेलिंग तर त्यांपैकी एकीतही नाही. त्याचे काही अडले नाही. परंतु आजच्या मुलाचे अडते. 'दीपक' मध्ये दोन 'ई' लिहावेत की एक 'आय', 'पूजा' मध्ये दोन 'ओ' की एक 'यू', 'सावंत' मध्ये 'डब्ल्यू' की 'व्ही', याचा एकच एक नियम व्यवहारात नाही. प्रत्येक रूप आपापल्या परीने बरोबर आहे, आणि संकट तेथेच आहे. जन्मदाखल्यावर एक रूप, शाळेच्या नोंदवहीत दुसरे, आधारपत्रावर तिसरे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी आधारपत्रांच्या वाटपास प्रारंभ झाला. तेव्हापासून कागद कागदाशी ताडून पाहण्याची रीत वाढत गेली. एका अक्षराच्या फरकाने शिष्यवृत्ती अडते, बँकेचे खाते अडते. मग बापाने मजुरीचा दिवस बुडवून प्रतिज्ञापत्र करावयाचे, राजपत्रात नावाच्या बदलाची जाहिरात द्यावयाची, आणि खेटे घालावयाचे. हे सारे कधीकाळी कोणीतरी घाईने लिहिलेल्या एका अक्षरापायी.

यास्तव प्राथमिक शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते.

पहिली गोष्ट, फुली मारण्यापूर्वी 'हे असे का लिहिलेस?' असे मुलाला विचारावे. बहुतेक वेळा उत्तरात त्याचा कान किंवा त्याची वाट दिसेल. कानाचे कौतुक करावे आणि मग संकेत सांगावा. चुकीला हसू नये. हसण्याने स्पेलिंग सुधारत नाही. मूल लिहावयाचेच थांबते.

दुसरी गोष्ट, निबंध वा उत्तर तपासताना आशयाचे आणि स्पेलिंगचे मूल्यमापन वेगवेगळे करावे. ज्याने चांगले सांगितले पण अक्षरे चुकवली, त्याला आपण काही सांगू शकतो हे तरी कळले पाहिजे.

तिसरी गोष्ट, वरच्या इयत्तांतील मुलांकडून पाट्यांची एक वही करून घ्यावी. घरापासून शाळेपर्यंत जी वेगळी स्पेलिंगे दिसतील ती एका रकान्यात आणि कोशातील रूप दुसऱ्या रकान्यात लिहावे. तिसऱ्या रकान्यात, ते बदलले असेल तर का, हे मुलांनी आपल्या शब्दांत मांडावे. खर्च काही नाही. पण ज्या रस्त्याने मुलाला गोंधळात टाकले, तोच रस्ता त्याचे पुस्तक होईल.

चौथी गोष्ट, घरचे कपडे आणि गणवेश ही उपमा मुलांना चटकन पटते. घरी सदरा कसाही चालतो. शाळेत गणवेश लागतो. म्हणून घरचा सदरा वाईट ठरत नाही. मित्राची चिठ्ठी आणि मुख्याध्यापकांना लिहिलेला अर्ज अशा दोन्ही तऱ्हा एकाच मजकुराच्या लिहवून घ्याव्यात.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट नावासंबंधीची. मूल दाखल होते त्या दिवशी जन्मदाखला समोर ठेवून, पालकांना अक्षर न् अक्षर वाचून दाखवून त्याचे इंग्रजी नाव नोंदवावे. दाखल्यातच चूक असेल तर ती तेव्हाच निदर्शनास आणावी. मग ते नाव मुलाकडून त्याच अक्षरांत गिरवून घ्यावे. इतर शब्दांची स्पेलिंगे पुढे केव्हाही शिकता येतील. या एका शब्दाचे स्पेलिंग त्याला पहिल्या वर्षी यावयास हवे.

भाषा कोणाच्या फुलीने थांबत नाही. आजच्या चुकांतील एखादी उद्याच्या कोशात जाईल आणि आजचे एखादे शुद्ध रूप जुन्या वहीत पिवळे पडेल. तो निवाडा काळ करील. शिक्षकाचे काम त्याहून साधे आणि तातडीचे आहे. त्याच्यापुढे बसलेल्या मुलाला खेळावयाचे कोठे आणि जपावयाचे कोठे हे समजावे, आणि स्वतःचे नाव कोणत्याही कागदावर न अडखळता, एकाच रीतीने लिहिता यावे, एवढे झाले तरी लाल शाईचे चीज झाले असे म्हणता येईल.